मेघालयाचे शिल्पकार : कॅप्टन विल्यमसन संगमा

ईशान्य भारतातील राज्यांची नावे पाठ करताना मेघालय हे नाव बहुतेकांच्या लक्षात राहते ते चेरापुंजीच्या पावसामुळे. हे राज्य कसे जन्माला आले आणि त्यासाठी कोणी आयुष्य वेचले, हे पाठ्यपुस्तकांत फारसे येत नाही. स्वतंत्र भारतात राज्यांच्या पुनर्रचनेच्या वेळी अनेक ठिकाणी रक्त सांडले. मराठी माणसाला हे वेगळे सांगायला नको; संयुक्त महाराष्ट्रासाठी प्राण दिलेल्यांचे स्मारक मुंबईच्या हुतात्मा चौकात उभे आहे. मेघालयाची कथा मात्र वेगळी आहे. आसामच्या डोंगराळ जिल्ह्यांनी जवळजवळ दोन दशके वेगळ्या राज्याची मागणी लावून धरली आणि अखेर ती शांततेच्या, सनदशीर मार्गाने पदरात पाडून घेतली. विशेष म्हणजे या चळवळीचे नेतृत्व करणारा पुढारी मूळचा सैनिक होता. लष्करातील पद त्यांच्या नावाला कायमचे जोडले गेले आणि आजही मेघालयात ते कॅप्टन संगमा म्हणूनच ओळखले जातात.

सिमसांगच्या काठी

विल्यमसन ए. संगमा यांचा जन्म १८ ऑक्टोबर १९१९ रोजी गारो टेकड्यांतील बाघमारा या गावी झाला. सिमसांग नदी डोंगर उतरून बंगालच्या मैदानात शिरते, तिथे हे गाव वसले आहे. एका बाजूला दाट जंगलाचे डोंगर, दुसऱ्या बाजूला मैमनसिंग जिल्ह्याची सपाट शेते. डोंगरातला कापूस आणि फळफळावळ खाली न्यायची, तांदूळ आणि मीठ वर आणायचे, असा या सीमेवरच्या गावांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवहार होता.

गारो समाज मातृवंशीय आहे. मुलाला कुळाचे नाव मिळते ते आईकडून आणि घरजमिनीचा वारसा जातो मुलीकडे. संगमा हेही असेच एक कुळाचे नाव. त्यामुळे गारो टेकड्यांत संगमा नावाची माणसे पावलोपावली भेटतात आणि त्यांचे एकमेकांशी जवळचे नाते असेलच असे नाही. हे लोक स्वतःला आचिक म्हणजे डोंगरातली माणसे म्हणवतात. त्यांची भाषा बोडो गटातली. शेजारच्या खासी लोकांची भाषा पूर्णपणे निराळ्या कुळातली. गारो आणि खासी शेजारी राहिले, तरी एकमेकांचे बोलणे त्यांना समजत नाही. पुढे या दोन समाजांना एका राज्यात नांदवण्याचे काम ज्यांना करायचे होते, त्यांच्यापुढची अडचण इथूनच सुरू होते.

गारोंच्या स्मृतीत दोन लढे ठळकपणे जपलेले आहेत. १८७२ मध्ये इंग्रजांची फौज डोंगरात घुसली, तेव्हा तोगन संगमा या तरुणाने आपल्या साथीदारांसह तिला तोंड दिले आणि रणात देह ठेवला. त्यानंतर सुमारे तीस वर्षांनी सोनाराम संगमा यांनी जमीन आणि जंगलावरील हक्कांसाठी लढा उभारला, पण तो अर्ज, कैफियती आणि कायदा यांच्या आधाराने. पहिला मार्ग शस्त्राचा होता, दुसरा सनदेचा. विल्यमसन संगमा यांनी शस्त्र चालवण्याचे शिक्षण घेतले, परंतु राजकारणात ते अखेरपर्यंत सोनारामांच्याच वाटेने चालले.

गणवेशातून जनसेवेकडे

त्यांच्या तरुणपणी दुसरे महायुद्ध आसामच्या उंबरठ्यावर येऊन ठेपले होते. जपानी सैन्य ब्रह्मदेश घेऊन कोहिमा आणि इंफाळपर्यंत आले. कधी रेल्वेही न पाहिलेल्या डोंगरी मुलांना या युद्धाने बाहेरचे जग दाखवले. संगमा यांनी लष्करात प्रवेश केला आणि ते कॅप्टन या पदापर्यंत पोहोचले. गारो टेकड्यांसारख्या दूरच्या भागातून आलेल्या तरुणासाठी त्या काळी ही लहान गोष्ट नव्हती. लष्कराने त्यांना शिस्त दिली, तसेच देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतील माणसांबरोबर एका तंबूत राहण्याची, एका पंगतीत जेवण्याची सवयही दिली. पुढील आयुष्यात त्यांनी आसामपासून वेगळे होण्याची मागणी केली, भारतापासून वेगळे होण्याची मात्र कधीही केली नाही.

लष्कर सोडून ते परतले, तेव्हा गावाचे रूप पालटले होते. १९४७ च्या फाळणीने मैमनसिंग जिल्हा पूर्व पाकिस्तानात गेला आणि डोंगराच्या पायथ्याची रेषा आंतरराष्ट्रीय सीमा झाली. ज्या बाजारावर गारो शेतकऱ्याचे पोट अवलंबून होते, तो बाजारच परदेशात गेला. नव्या बाजारपेठेसाठी ना रस्ते होते, ना पूल. अशा वेळी गारो नॅशनल कौन्सिलच्या माध्यमातून संगमा सार्वजनिक कार्यात उतरले.

भारताच्या राज्यघटनेने सहाव्या अनुसूचीद्वारे आसामच्या डोंगरी जिल्ह्यांना स्वायत्त जिल्हा परिषदा दिल्या होत्या. या परिषदा आपल्याकडील जिल्हा परिषदांहून निराळ्या. जमीन, जंगल, फिरती शेती, विवाह, वारसा आणि रूढी यांविषयी कायदे करण्याचा अधिकार त्यांना आहे. त्याखेरीज प्राथमिक शाळा काढण्याचा आणि त्या शाळांत मुलांना कोणत्या भाषेतून शिकवावे हे ठरवण्याचा अधिकारही घटनेने त्यांना दिला आहे. १९५२ मध्ये गारो हिल्स जिल्हा परिषद अस्तित्वात आली आणि संगमा तिचे पहिले मुख्य कार्यकारी सदस्य झाले. कायदा कसा बनतो, अंदाजपत्रक कसे मांडतात, तुटपुंज्या पैशात शाळा आणि पायवाटा यांपैकी आधी काय उभारावे, याचे शिक्षण त्यांना इथेच मिळाले. स्वायत्ततेच्या मर्यादाही त्यांना इथेच कळल्या. अधिकार कागदावर होते, निधीची किल्ली मात्र आसाम सरकारच्या हाती होती.

ऑक्टोबर १९५४ मध्ये तुरा येथे डोंगरी जिल्ह्यांतील नेत्यांची परिषद भरली आणि सर्व डोंगरी जिल्ह्यांचे मिळून एक वेगळे राज्य व्हावे, अशी मागणी पुढे आली. राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये ही मागणी फेटाळली. याच आयोगाच्या अहवालाने संयुक्त महाराष्ट्राचे स्वप्नही नाकारले होते. एकाच अहवालाने देशाच्या दोन टोकांना दोन समाज निराश झाले होते.

भाषेचा प्रश्न

१९५७ च्या डिसेंबरात बिमलाप्रसाद चालिहा आसामचे मुख्यमंत्री झाले. डोंगरी लोकांचा विश्वास मिळवण्यासाठी त्यांनी संगमा यांना मंत्रिमंडळात घेऊन आदिवासी क्षेत्रांचे खाते त्यांच्याकडे सोपवले. आसामच्या चौकटीत राहूनच डोंगरी जिल्ह्यांचे भले साधता येते का, हे पाहण्याची ही संधी होती आणि संगमा यांनी ती मनापासून स्वीकारली.

हा प्रयोग १९६० मध्ये मोडला. असमिया ही राज्याची राजभाषा करण्याचे विधेयक येणार हे स्पष्ट होताच डोंगरी भागांत अस्वस्थता पसरली. असमिया भाषकांची बाजूही समजून घ्यायला हवी. इंग्रजी अमलात बरीच वर्षे त्यांच्याच प्रांतात कचेरीची आणि शाळेची भाषा बंगाली होती. त्या जखमेची आठवण ताजी असल्याने आपल्या भाषेला राजमान्यता मिळावी ही त्यांची इच्छा स्वाभाविक होती. परंतु एका समाजाच्या जखमेवरचे औषध दुसऱ्याला नवी जखम करणारे ठरत होते. गारो, खासी किंवा मिझो मुलाने घरी मातृभाषा बोलायची, शाळेत इंग्रजी शिकायची आणि नोकरीसाठी आणखी एका भाषेत असमिया मुलांशी स्पर्धा करायची, म्हणजे शर्यत सुरू होण्यापूर्वीच मागे पडायचे.

जुलै १९६० मध्ये शिलाँगला डोंगरी जिल्ह्यांतील सर्व पक्षांचे नेते एकत्र आले. संगमा अध्यक्षस्थानी होते. ऑल पार्टी हिल लीडर्स कॉन्फरन्स, म्हणजेच सर्वपक्षीय पर्वतीय नेत्यांची परिषद, तिथे स्थापन झाली. गारो, खासी, जैंतिया आणि मिझो असे वेगवेगळ्या भाषांचे आणि प्रथांचे प्रतिनिधी एका व्यासपीठावर आले. ऑक्टोबर १९६० मध्ये विरोध डावलून आसाम विधानसभेने राजभाषा विधेयक मंजूर केले. त्याच वर्षी संगमा यांनी मंत्रिपदाचा त्याग केला. पुढच्याच महिन्यात हाफलाँग येथे भरलेल्या परिषदेने वेगळ्या राज्याची मागणी औपचारिकपणे मांडली.

याच भाषाप्रश्नावरून १९ मे १९६१ रोजी बराक खोऱ्यातील सिल्चर रेल्वे स्थानकावर पोलिसांच्या गोळीबारात बंगाली भाषेसाठी सत्याग्रह करणाऱ्या ११ जणांचे प्राण गेले. वातावरण किती तापले होते, याची यावरून कल्पना यावी. डोंगरी जिल्ह्यांतही असा भडका उडू शकला असता. तो उडू न देणे आणि तरीही मागणी तसूभर सैल न करणे, हे संगमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांपुढचे खरे आव्हान होते.

थांबण्याचे बळ

पंतप्रधान जवाहरलाल नेहरूंनी आसामच्या अंतर्गत विशेष व्यवस्थेचा प्रस्ताव ठेवला. ब्रिटनमध्ये स्कॉटलंडच्या कारभाराची जशी वेगळी सोय होती, त्या धर्तीवरचा हा विचार होता. पर्वतीय परिषदेने तो नाकारला. १९६२ च्या निवडणुकीत डोंगरी मतदारांनी परिषदेच्या उमेदवारांना भरघोस पाठिंबा दिला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात थेट आंदोलनाची तयारी झाली. नेमक्या त्याच दिवसांत चीनचे सैन्य ईशान्य सीमेवरून आत शिरले आणि आसामचे खोरे भयभीत झाले.

सरकारची कोंडी झाली की आपले घोडे पुढे दामटावे, हा राजकारणातला नेहमीचा डाव. पर्वतीय परिषदेने मात्र आंदोलन स्थगित केले. ज्याने लष्कराचा गणवेश घातला होता, त्या अध्यक्षाला देशावर संकट असताना घरातले भांडण बाजूला ठेवणे हेच कर्तव्य वाटले असणार. या निर्णयाने मागणी काही काळ मागे पडली, पण डोंगरी नेत्यांच्या देशनिष्ठेविषयी दिल्लीच्या मनात शंका उरली नाही. पुढील वाटाघाटींत ही पुण्याई कामाला आली.

चर्चेची गुऱ्हाळे चालूच राहिली. मार्च १९६५ मध्ये केंद्र सरकारने डोंगरी भागांच्या प्रश्नासाठी एक आयोग नेमला. त्याचे अध्यक्ष होते हरि विनायक पाटसकर. जळगावातून लोकसभेवर निवडून आलेले, केंद्रात कायदामंत्री असताना हिंदू विवाह कायद्याचे विधेयक संसदेत मांडणारे आणि आंध्र व मद्रास यांच्या सीमावादात मध्यस्थी केलेले हे मराठी विधिज्ञ. पाटसकर आयोगाने १९६६ मध्ये अहवाल दिला. आसामची एकता टिकवून डोंगरी जिल्ह्यांना अधिक स्वायत्तता द्यावी, असे त्याचे सूत्र होते. अहवाल विचारपूर्वक तयार झाला असला, तरी मूळ मागणीला त्यात स्थान नव्हते. परिषदेने तो स्वीकारला नाही.

त्याच १९६६ च्या प्रारंभी मिझो टेकड्यांत सशस्त्र उठाव झाला. मार्चमध्ये ऐजॉलवर विमानांतून मारा करण्यात आला, पुढे गावेच्या गावे उठवून दुसरीकडे वसवली गेली आणि एका पिढीचे बालपण संचारबंदीत गेले. एकाच असंतोषातून निघालेल्या दोन वाटा आता समोरासमोर उभ्या होत्या. सहा वर्षे अर्जविनंत्या करून तुम्हाला काय मिळाले, हा डोंगरी तरुणांचा प्रश्न टोकदार होता आणि त्याला दाखवण्यासारखे यश संगमा यांच्याजवळ अजून नव्हते. तरीही त्यांनी मार्ग बदलला नाही. बंदुकीने काय होते आणि काय होत नाही, हे त्या सभांत बसलेल्या अनेकांपेक्षा कॅप्टन असलेल्या माणसाला अधिक ठाऊक होते.

सप्टेंबर १९६८ मध्ये परिषदेने अहिंसक सत्याग्रह सुरू केला. त्याच सुमारास, ११ सप्टेंबरला, केंद्र सरकारने आसामच्या अंतर्गत एक स्वायत्त राज्य निर्माण करण्याची योजना जाहीर केली. गारो टेकड्या आणि संयुक्त खासी-जैंतिया टेकड्या यांचे हे राज्य असणार होते. मिकिर व उत्तर कछार टेकड्यांना सामील होण्याची मुभा होती, परंतु त्यांनी आसामात राहणेच पसंत केले. म्हणजे सर्व डोंगरी जिल्ह्यांचे एक राज्य हे मूळ स्वप्न आक्रसले होते. नव्या राज्याला पोलीस आणि कायदा-सुव्यवस्था यांवर अधिकार नव्हता. परिषदेतील काहींना हा अपमान वाटला आणि ते बाहेर पडले. संगमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मात्र, जे मिळते आहे ते घेऊन नीट चालवून दाखवावे, असा निर्णय केला. त्यासाठी त्यांच्यावर टीकाही झाली. पुढच्या घटनांनी हा निर्णय योग्य ठरवला.

मेघांचे घर

संसदेने राज्यघटनेत बाविसावी दुरुस्ती केली, १९६९ च्या अखेरीस मेघालयाचा कायदा संमत झाला आणि २ एप्रिल १९७० रोजी पंतप्रधान इंदिरा गांधींच्या उपस्थितीत शिलाँग येथे स्वायत्त राज्याचे उद्घाटन झाले. मेघालय हे नाव भूगोलाचे विद्वान प्राध्यापक शिवप्रसाद चटर्जी यांनी सुचवलेले. गारो आणि खासी या दोन्ही भाषांत नसलेले हे संस्कृत नाव कोणाही एका समाजाचे नव्हते, म्हणूनच ते सर्वांचे होऊ शकले. संगमा मुख्यमंत्री झाले. नव्या विधानसभेची पहिली बैठक त्याच महिन्यात तुरा येथे भरली. राजधानी खासी टेकड्यांतील शिलाँगमध्ये असताना पहिली बैठक गारो टेकड्यांत घेण्यात दोन्ही समाजांना समान मान देण्याची दृष्टी होती. सहा महिन्यांच्या आत विधानसभेने पूर्ण राज्याच्या दर्जाची मागणी करणारा ठराव केला आणि नोव्हेंबर १९७० मध्ये केंद्राने ती तत्त्वतः मान्य केली.

पूर्ण राज्य होण्याआधीच मेघालयाची कसोटी लागली. मार्च १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानात अत्याचारांचे थैमान सुरू झाले आणि निर्वासितांचे लोंढे सीमा ओलांडू लागले. १९७१ च्या जनगणनेनुसार मेघालयाची लोकसंख्या होती जेमतेम १० लाख. त्या राज्यात ६ लाखांहून अधिक निर्वासित आले. डालू, महेंद्रगंज, बाघमारा आणि डावकी या सीमेवरील गावांत छावण्यांची नगरे उभी राहिली. पाऊस, चिखल, पटकीची साथ आणि अपुरे रस्ते यांना तोंड देत अन्न, निवारा आणि औषधे पोहोचवायची होती. खर्चाचा मोठा भार केंद्राने उचलला, पण छावण्यांसाठी जागा, पाणी आणि सरपण शेवटी डोंगरातल्या माणसांकडूनच घ्यायचे होते. ज्या राज्याकडे स्वतःचे पूर्ण पोलीस खातेही नव्हते, त्याने हे ओझे पेलले. मुख्यमंत्र्यांचे जन्मगावही या सीमारेषेवर होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या महिन्यांचा ताण समजतो. युद्ध संपल्यावर निर्वासित परतले आणि २१ जानेवारी १९७२ रोजी मेघालय हे भारतीय संघराज्यातील पूर्ण राज्य झाले.

घर मिळाल्यानंतर

राज्य मिळवणे एक आणि ते चालवणे दुसरे. १९७२ च्या निवडणुकीत ६० पैकी ३२ जागा जिंकून पर्वतीय परिषदेने सरकार स्थापन केले आणि संगमा पुन्हा मुख्यमंत्री झाले. पहिल्या काही वर्षांत नव्या राज्याचा पाया घातला गेला. आदिवासींची जमीन बाहेरच्यांच्या हाती जाऊ नये म्हणून १९७१ मध्ये जमीन हस्तांतरणावर निर्बंध घालणारा कायदा झाला. जानेवारी १९७२ मध्ये सरकारी नोकऱ्यांत खासी-जैंतियांसाठी ४० टक्के, गारोंसाठी ४० टक्के आणि इतर आदिवासींसाठी ५ टक्के जागा राखण्याचे धोरण ठरले. हा समतोल आजही वादाचा विषय होतो. पण शिक्षणात मागे असलेल्या गारोंना राजधानीतल्या कचेऱ्यांत आपली माणसे दिसावीत आणि राज्य आपलेही आहे असे वाटावे, हा त्यामागचा हेतू होता.

१९७३ मध्ये राज्याचे शालान्त परीक्षा मंडळ स्थापन झाले आणि त्याचे मुख्यालय राजधानीत नव्हे, तर तुरा येथे ठेवण्यात आले. त्याच वर्षी शिलाँगला नॉर्थ ईस्टर्न हिल युनिव्हर्सिटी हे केंद्रीय विद्यापीठ आले. गारो टेकड्यांचा विस्तीर्ण जिल्हा विभागून १९७६ मध्ये पूर्व गारो हिल्स हा नवा जिल्हा करण्यात आला, म्हणजे दुर्गम गावातल्या माणसाला दाखल्यासाठी दोन-दोन दिवसांची वाट तुडवावी लागू नये.

भाषेच्या प्रश्नावर मात्र नियतीने गंमत केली. भाषेच्या कारणाने जन्मलेल्या या राज्याने कारभारासाठी इंग्रजीच ठेवली. खासी निवडली तर गारो दुखावतील आणि गारो निवडली तर खासी, हे उघड होते. आसामात जे आपल्याला सोसावे लागले, ते आपल्याच राज्यात दुसऱ्यावर लादायचे नाही, एवढे भान या निर्णयात होते. खासी आणि गारो यांना सहभाषांचा दर्जा देणारा कायदा पुढे २००५ मध्ये झाला.

पराभव आणि पुनरागमन

१६ नोव्हेंबर १९७६ रोजी मेंदीपथार येथील अधिवेशनात संगमा यांनी पर्वतीय परिषद काँग्रेसमध्ये विलीन केली. राज्य मिळाल्यावर परिषदेचे मूळ कार्य संपले आणि लहान राज्याला केंद्राशी जवळीक हवी, असा या बाजूचा विचार. डोंगरी लोकांनी घाम गाळून उभारलेली संघटना दिल्लीच्या पक्षात विसर्जित करणे म्हणजे स्वत्व गमावणे, असा दुसऱ्या बाजूचा आक्षेप. वर्षानुवर्षांचे सहकारी दुरावले आणि त्यांनी परिषदेचे नाव जिवंत ठेवले. तो आणीबाणीचा काळ होता, हेही विसरता येत नाही. १९७८ च्या निवडणुकीनंतर संगमा यांना सत्ता सोडावी लागली. ज्या माणसाने राज्य घडवले, त्यालाच त्या राज्याच्या मतदारांनी आठ वर्षांत विरोधी बाकांवर बसवले.

संगमा यांनी हा कौल मानला आणि ते कामाला लागले. १९८१ मध्ये ते पुन्हा मुख्यमंत्री झाले. १९८३ च्या निवडणुकीत कोणालाच स्पष्ट बहुमत मिळाले नाही. ब्रिंग्टन बुहाई लिंगडोह यांचे सरकार जेमतेम महिनाभर टिकले आणि एप्रिलमध्ये संगमा यांच्याकडे पुन्हा राज्याची सूत्रे आली. ती फेब्रुवारी १९८८ पर्यंत त्यांच्याकडे राहिली. आघाड्या, पक्षांतरे आणि अल्पायुषी सरकारे यांनी भरलेल्या मेघालयाच्या राजकारणात जवळजवळ पाच वर्षांची ही सलग कारकीर्द म्हणजे स्थैर्यच म्हणायचे.

ही वर्षे निर्मळ यशाची मात्र नव्हती. १९८७ मध्ये शिलाँगमध्ये स्थानिक आणि बाहेरून आलेले यांच्यातील तणाव उफाळला, संचारबंदी लागली, शाळा-महाविद्यालये बंद पडली. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेल्या नेपाळी आणि इतर कुटुंबांना असुरक्षित वाटू लागले. अल्पसंख्य म्हणून अन्याय सोसलेला समाज स्वतःच्या घरात बहुसंख्य झाला की त्याची वागणूक कशी राहते, हा प्रश्न प्रत्येक नव्या राज्यापुढे येतो. मेघालयापुढेही तो आला आणि संगमा यांच्या सरकारला त्याचे समाधानकारक उत्तर देता आले नाही. थोर माणसाच्या चरित्रात ही नोंदही असायला हवी.

जुलै १९८९ मध्ये त्यांची मिझोरमच्या राज्यपालपदी नियुक्ती झाली. या नियुक्तीत एक वर्तुळ पूर्ण झाले. १९६० मध्ये ज्या मिझो नेत्यांसह त्यांनी पर्वतीय परिषद उभारली होती, त्यांच्याच भूमीत ते आता घटनात्मक प्रमुख म्हणून गेले. मिझोरमला शांतता मिळाली ती १९८६ च्या कराराने आणि पूर्ण राज्याचा दर्जा मिळाला १९८७ मध्ये, म्हणजे वीस वर्षांच्या होरपळीनंतर. शेजारच्या दोन प्रदेशांपैकी एक वाटाघाटींच्या वाटेने १९७२ मध्ये जिथे पोहोचला, तिथे दुसरा बंदुकीच्या वाटेने पंधरा वर्षे उशिरा पोहोचला. फेब्रुवारी १९९० मध्ये त्यांचा राज्यपालपदाचा कार्यकाळ संपला आणि त्याच वर्षी २५ ऑक्टोबर रोजी, वयाच्या ७१ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

मागे काय राहिले

पूर्व गारो हिल्स जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणाला त्यांच्या नावावरून विल्यमनगर म्हणतात. सिमसांग नदी तिथूनच पुढे त्यांच्या जन्मगावाकडे वाहत जाते. तोगन संगमा जिथे धारातीर्थी पडले, ते चिसोबिब्राही त्याच परिसरात आहे. शिलाँगच्या राज्य संग्रहालयाला कॅप्टन संगमा यांचे नाव आहे आणि तुऱ्याजवळच्या राज्य विद्यापीठालाही. जिथे बाजाराला जाण्यासाठी धड रस्ता नव्हता, तिथल्या मुलांना पदवीसाठी आता दूर जावे लागत नाही.

संगमा यांच्या कारकीर्दीतून घेण्याजोगी गोष्ट कोणती, असे विचारले तर मंत्रिपद सोडण्याचा धीर हे उत्तर चटकन सुचते. ते खरेही आहे. परंतु त्याहून अवघड असे आणखी दोन निर्णय त्यांनी घेतले. १९६२ मध्ये हाताशी आलेले आंदोलन त्यांनी थांबवले आणि १९६८ मध्ये अपुरे दान स्वीकारून ते चोख चालवून दाखवले. दोन्ही वेळी अनुयायांच्या टाळ्या मिळणार नव्हत्या. आपल्या माणसांना न आवडणारा निर्णय त्यांच्याच हितासाठी घेणे आणि त्याची किंमत स्वतः मोजणे, यात खऱ्या नेतृत्वाची परीक्षा असते.

मराठी मुलुखापासून दूर राहून मुलांना मराठीतून शिकवणाऱ्या घरांना ही कथा परकी वाटू नये. मातृभाषेतून शिकण्याची इच्छा म्हणजे शेजाऱ्याच्या भाषेशी वैर नव्हे. ज्या प्रदेशात आपण राहतो त्याची भाषा आपुलकीने शिकावी, स्वतःची भाषा घरात आणि शाळेत जिवापाड जपावी आणि ज्या ठिकाणी आपण बहुसंख्य असू, तिथे संख्येने थोड्या असलेल्यांच्या भाषेला आणि माणसांना मानाचे स्थान द्यावे. विल्यमसन संगमा यांनी लढा दिला तो यातील एका हक्कासाठी. उरलेली कर्तव्ये त्यांच्या राज्यापुढे जशी आहेत, तशी ती आपल्या प्रत्येकापुढेही आहेत.